खेळाचे मैदान आणि धर्माची वेस
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठेशाहीचा इतिहास अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकली. त्यानंतर आम्ही आयर्लंडमधील खेळांविषयी बोलावयास उभे राहावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमचा अधिकार केवळ वाचनाचा आहे. बी. ए. ला इतिहास घेतला होता, आणि पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत जिथे बदली होईल तिथले वाचनालय पहिल्यांदा शोधावयाचे, ही सवय जडली. पण हा विषय निवडण्याचे कारण निराळे आहे. मंडळाच्या कबड्डी व खो-खोच्या स्पर्धा अमराठी शेजाऱ्यांच्या मुलांना खुल्या कराव्यात की नाही, यावर गेल्या सर्वसाधारण सभेत दोन्ही बाजूंनी मोठ्या तळमळीने बोलले गेले. ‘आपले आपल्यापाशी काय उरणार?’ असा एका बाजूचा प्रश्न होता, तर ‘दार लावून घेऊन आपण किती दिवस टिकणार?’ असा दुसऱ्या बाजूचा. नेमक्या याच प्रश्नांशी एक संपूर्ण देश सुमारे एकशेचाळीस वर्षे झुंजत आला आहे. त्याची हकीकत आपल्यापुढे मांडावी, एवढाच आमचा हेतू.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यातील थर्ल्स या गावी, हेज नावाच्या हॉटेलात, काही मोजकी मंडळी जमली. मायकेल क्यूसॅक नावाच्या शिक्षकाने व मॉरिस डेव्हिन या नामांकित खेळाडूने पुढाकार घेतला आणि गेलिक खेळांची संघटना स्थापन झाली. इंग्रजी राज्याबरोबर आलेल्या क्रिकेट-रग्बीच्या रेट्याखाली देशी खेळ नामशेष होऊ लागले होते. त्यांना जीवदान द्यावे, हा उद्देश. यातील हर्लिंग हा खेळ पुरातन. अ‍ॅश नावाच्या झाडाची, टोकाशी रुंद होत गेलेली काठी घेऊन पंधरा-पंधरा गडी चामड्याच्या छोट्या चेंडूवर तुटून पडतात. चेंडू गोलखांबांमधून आडव्या दांड्याच्या वरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. गेलिक फुटबॉलचे संघही याच हिशेबाने, आणि २०२४ पर्यंत गुणही याच हिशेबाने मोजले जात. मात्र तेथे चेंडू हातांनीही खेळता येतो. विशेष हे की, या संघटनेतील खेळाडू मानधन घेत नाहीत. आठवडाभर शेतावर, शाळेत, कचेरीत काम करावयाचे आणि रविवारी गावासाठी मैदानात उतरावयाचे, हा परिपाठ आजही चालू आहे.

स्थापनेच्या वेळी संघटनेने जे आश्रयदाते निवडले, त्यांत कॅथलिकांचे आर्चबिशप क्रोक होते, शेतकऱ्यांचे पुढारी मायकेल डेव्हिट होते आणि आयरिश राष्ट्रीय पक्षाचे नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल होते. पार्नेल हे प्रॉटेस्टंट जमीनदार. इतकेच नव्हे, तर थर्ल्सच्या त्या बैठकीला हजर असलेल्यांत इंग्रज सरकारच्या पोलीस दलातील एक अधिकारीही होता! म्हणजे आरंभी दार सर्वांनाच उघडे होते. कोणत्याही धर्माच्या माणसाला मज्जाव करणारा नियम त्या संघटनेने कधी केला नाही.

मग पुढे असे का झाले, की उत्तर आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट मुलगा हर्लिंगची काठी हातात धरावयासही धजेना? याची कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण रविवार. कॅथलिक माणूस सकाळी प्रार्थना आटोपून दुपारी सामन्याला जाई. उत्तरेतील कडव्या प्रॉटेस्टंटांच्या लेखी रविवार हा केवळ उपासनेचा दिवस. त्या दिवशी खेळणे हे पाप. दुसरे कारण शाळा. उत्तरेत कॅथलिक मुलांच्या शाळा वेगळ्या आणि प्रॉटेस्टंट मुलांच्या वेगळ्या. एका शाळेत गेलिक फुटबॉल, दुसरीत रग्बी, हॉकी व क्रिकेट. जो खेळ दहाव्या वर्षी शिकलाच नाही तो विसाव्या वर्षी कोण खेळणार? तिसरे कारण, गावचा क्लब हा बहुधा कॅथलिक चर्चच्या हद्दीला धरून उभारलेला. चौथे कारण, सामन्याआधी फडकणारा झेंडा व म्हटले जाणारे राष्ट्रगीत. ज्याला ब्रिटनशी नाते तोडावयाचे नाही, त्याला तेथे उभे राहणे अवघड जाई. आणि पाचवे कारण संघटनेचे नियम. धर्माविषयी त्यांत अवाक्षर नव्हते, पण सत्ताविसाव्या नियमाने ‘परकीय’ खेळ खेळण्यास व पाहण्यासही बंदी होती आणि एकविसाव्या नियमाने ब्रिटिश सैन्यातील व उत्तरेच्या पोलीस दलातील माणसांना सभासदत्व नव्हते. पोलिसांत भरणा प्रॉटेस्टंटांचा. तेव्हा नियमात धर्माचे नाव न घेताही धर्माची वेस उभी राहिली. स्थापनेच्या बैठकीला पोलीस अधिकारी बसलेल्या संघटनेने पुढे पोलिसांनाच दार बंद करावे, हा काळाचा खेळ म्हणावयाचा.

त्या सत्ताविसाव्या नियमाची एक कथा तर हसावे की रडावे असा प्रश्न पाडणारी आहे. डग्लस हाइड हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. आयरिश भाषा मरू नये म्हणून १८९३ मध्ये त्यांनी गेलिक लीग काढली. १९३८ साली ते आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राष्ट्रप्रमुख या नात्याने ते आयर्लंड विरुद्ध पोलंड हा साध्या फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय सामना पाहावयास गेले. महिन्याभरात गेलिक संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून दूर केले! ज्याने आयुष्यभर त्या देशाच्या भाषेची सेवा केली, तो एका दुपारी परका ठरला. हा नियम सुटावयास १९७१ साल उजाडावे लागले.

आता आपण ज्याची कथा मन लावून ऐकावी अशा माणसाकडे वळू. त्याचे नाव सॅम मॅग्वायर. दक्षिणेतील कॉर्क परगण्यातील डनमॅन्वे या गावाजवळच्या प्रॉटेस्टंट शेतकरी कुटुंबात १८७७ साली त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो लंडनला गेला आणि तेथील टपाल खात्यात नोकरीस लागला. सरकारी नोकरीपायी मुलूख सोडलेल्या माणसाला परक्या शहरात काय हवेसे वाटते, हे या सभागृहात कोणी कोणास सांगावयास नको. लंडनमधील आयरिश मंडळींनी हायबर्नियन्स नावाचा संघ काढला होता. मॅग्वायर त्याचा कर्णधार झाला. लंडनकडून तो अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला; विजय मात्र लाभला नाही. टपाल खात्याची चाकरी करता करता तो गुप्त क्रांतिकारी संघटनेत शिरला, आणि पुढे विख्यात झालेल्या मायकेल कॉलिन्सला १९०९ साली त्या संघटनेत त्यानेच आणले. स्वातंत्र्यानंतर तो मायदेशी परतला व नव्या सरकारच्या नोकरीत रुजू झाला. पण राजकीय मतभेदांपायी १९२४ च्या अखेरीस त्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आले. १९२७ मध्ये, वयाची पन्नाशीही न गाठता, क्षयाने व दारिद्र्याने तो मरण पावला. गावच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात त्याची समाधी आहे. स्नेह्यांनी वर्गणी जमवून त्याच्या स्मरणार्थ चांदीचा चषक घडविला, आणि १९२८ पासून गेलिक फुटबॉलचा सर्वोच्च मान म्हणून तो दिला जाऊ लागला.

विचार करा, बंधुभगिनींनो. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजारांवर लोक जमतात. मैदानाला नाव कॅथलिक आर्चबिशपचे, आणि विजयी कर्णधार जो चषक डोक्यावर उचलतो त्याला नाव एका प्रॉटेस्टंट टपाल कारकुनाचे. गावोगावच्या क्लबांना वुल्फ टोन, रॉबर्ट एमेट, पार्नेल यांची नावे आहेत. हे तिघेही प्रॉटेस्टंट. नावे भिंतीवर राहिली. त्या धर्माची मुले मात्र मैदानात दुर्मीळ झाली. थोर माणसाचे नाव घेणे सोपे. त्याच्या जातभाईला हाक मारणे कठीण.

उत्तर आयर्लंडच्या रक्तपाताची तीन दशके आपण वृत्तपत्रांत वाचली आहेत. खेळही त्यातून सुटला नाही. त्यापूर्वीच, डिसेंबर १९४८ मध्ये, बेलफास्टला एका फुटबॉल सामन्यानंतर प्रेक्षकांनी मैदानात घुसून बेलफास्ट सेल्टिक या कॅथलिक समजल्या जाणाऱ्या क्लबच्या जिमी जोन्स या खेळाडूचा पाय मोडला. जोन्स स्वतः प्रॉटेस्टंट होता! पुढील वर्षी त्या क्लबाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. १९९७ मध्ये बेलाही गावच्या गेलिक क्लबाचा अध्यक्ष रात्री क्लबाचे फाटक लावीत असता त्याला पळवून नेऊन ठार मारण्यात आले. आणि २००७ मध्ये फर्मॅना परगण्यातील एका तरुण प्रॉटेस्टंट खेळाडूने धर्मावरून होणाऱ्या शिवीगाळीला कंटाळून खेळ सोडल्याचे जाहीर केले. सैन्याच्या स्थानिक दलात असलेले त्याचे वडील व दोन चुलते आयरिश क्रांतिकारकांच्या गोळ्यांना बळी पडले होते. तरीही तो लहानपणापासून कॅथलिक मित्रांबरोबर त्याच मैदानावर वाढला होता. संघटनेच्या अधिकाऱ्यांनी त्याची भेट घेतली, आणि काही काळाने तो परतला. त्याचे परतणे आम्हांला कोणत्याही चषकाहून मोठे वाटते.

दार पुन्हा उघडले ते असे हळूहळू, एकेक बिजागरी सैल करीत. १९९४ मध्ये विक्लो परगण्यातील जॅक बूथमन हे पशुवैद्य संघटनेचे अध्यक्ष झाले. या पदावर आलेले ते पहिले प्रॉटेस्टंट. नोव्हेंबर २००१ मध्ये पोलिसांवरील बंदी उठली आणि वर्षभरात उत्तरेच्या नव्या पोलीस दलाचा संघ दक्षिणेच्या पोलिसांविरुद्ध गेलिक फुटबॉल खेळला. ज्या क्रोक पार्कवर २१ नोव्हेंबर १९२० रोजी इंग्रज सत्तेच्या गोळीबारात एका खेळाडूसह चौदा माणसे मेली, त्याच मैदानावर २४ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडचा रग्बी संघ उतरला. इंग्रजांचे राष्ट्रगीत वाजले. प्रेक्षक शांतपणे, अदबीने उभे राहिले. मग आयर्लंडने ४३–१३ असा सामना जिंकला, ही गोष्ट निराळी! जून २०१८ मध्ये उत्तरेतील कट्टर ब्रिटनवादी पक्षाच्या नेत्या आर्लीन फॉस्टर अल्स्टरचा अंतिम सामना पाहण्यास क्लोन्सला गेल्या. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांवर क्रांतिकारकांनी गोळी झाडली होती. तरी त्या गेल्या आणि आयरिश राष्ट्रगीताला उभ्या राहिल्या. २०२० मध्ये प्रॉटेस्टंट वस्तीच्या पूर्व बेलफास्टमध्ये नवा गेलिक क्लब निघाला. आरंभीच त्याच्या सरावाच्या मैदानावर संशयित स्फोटक ठेवल्याची घटना घडली; क्लब डगमगला नाही. त्याच्या बोधचिन्हावर ‘एकत्र’ हा एकच शब्द तीन भाषांत लिहिला आहे: आयरिश, इंग्रजी व अल्स्टर-स्कॉट्स.

आपल्याकडचे चित्र याच्या उलट टोकाचे होते. मुंबईची १९०७ ची तिरंगी, १९१२ ची चौरंगी व १९३७ पासूनची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा. तेथे धर्म लपलेला नव्हता. संघांची नावेच हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशी होती. गांधीजींनी १९४० मध्ये या धार्मिक विभागणीविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये ती परंपरा संपली. त्या हिंदू संघातही आणखी एक वेस होतीच. अस्पृश्य मानल्या गेलेल्या पळवणकर बंधूंपैकी बाळूला त्याच्या अजोड गोलंदाजीनंतरही कर्णधारपद मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलला मिळाले. सांगलीचे विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती. म्हणून त्यांना ‘शेष’ नावाच्या संघातून खेळावे लागे. या ‘शेष’ माणसाने हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. पुढे मार्च १९४७ मध्ये, देशाच्या फाळणीच्या तोंडावर, हेच हजारे व गुल महंमद बडोद्याकडून रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध खेळले आणि चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी करून गेले. एक ख्रिस्ती, एक मुसलमान, आणि दोघेही बडोद्याचे. धर्माने ज्यांना वेगळ्या तंबूंत बसविले, त्यांना गावाच्या नावाने एका खेळपट्टीवर आणले.

या साऱ्यावरून आपल्या मंडळासाठी आम्ही काय घ्यावे म्हणतो? दोनच गोष्टी. पहिली अशी की, ‘आमच्या घटनेत कोणालाही मज्जाव नाही’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या दिवशी स्पर्धा ठेवतो, सूचनाफलक कोणत्या भाषेत लावतो, मैदानाबाहेर कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, यावर दार उघडे की बंद हे ठरते. मराठी ख्रिस्ती, मराठी मुसलमान, बेने इस्रायली कुटुंबेही या शहरात आहेत. त्यांना आपल्या कार्यक्रमांचे निमंत्रण घरपोच जाते काय, हे कार्यकारिणीने एकदा पाहावे.

दुसरी गोष्ट, ज्यांना ‘आपले काय उरणार?’ अशी धास्ती वाटते त्यांच्यासाठी. ती धास्ती खोटी नाही; भाषा व खेळ जपले नाहीत तर मरतात, हे क्यूसॅकला ठाऊक होते म्हणून तर त्याने संघटना काढली. पण बंदीचे नियम एकामागून एक गेले तरी हर्लिंग बुडाले नाही. काठी तीच राहिली, गुणांचा हिशेब तोच राहिला, खेळाची आयरिश परिभाषाही तीच राहिली. फक्त ती काठी धरणारे हात वाढले. शेजारच्या पंजाबी वा बंगाली घरातला मुलगा आपल्या अंगणात खो-खो खेळू लागला, तर पाटी, खुंट आणि ‘खो’ हे मराठी शब्द त्याच्या तोंडी बसतील. त्यात आपले काय गेले?

दार उघडे ठेवणे पुरेसे नसते. दारात उभे राहून ‘या’ म्हणावे लागते. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या पुढील सर्वसाधारण सभेत हा ठराव पुन्हा येणार आहे. मत देताना सभासदांनी, लंडनच्या टपाल कचेरीतून सुटून संध्याकाळी आपल्या माणसांत खेळावयास धावणारा तो प्रॉटेस्टंट कारकून क्षणभर आठवावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.