पत्र्याखालचा उन्हाळा

ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, पण त्याची झळ मात्र सारखी नसते. बंगल्यात पंखा, कूलर असतो; झोपडीत डोक्यावर तापलेला पत्रा. दुपारी त्याला हात लावला तर चटका बसतो आणि रात्रीही घर निवत नाही.

मे 2010मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाल्याचं अभ्यासातून पुढे आलं. त्यातून धडा घेऊन तिथल्या महापालिकेने 2013मध्ये उष्णता कृती आराखडा आखला. दक्षिण आशियातला हा पहिला आराखडा. हवामानाच्या अंदाजावरून आधीच इशारा द्यायचा, पाणपोया वाढवायच्या, दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना उष्माघाताच्या उपचारांचं प्रशिक्षण द्यायचं, अशी त्याची रचना. पुढे झोपडपट्टीतल्या छपरांना पांढरा चुना लावण्याची मोहीमही निघाली.

शहरातल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सर्वात वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर हलवला आणि उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. उपाय साधा, पण जीव वाचवणारा!

आज नागपूरसह अनेक शहरांत असे आराखडे आहेत. ते कागदावर राहू नयेत. आपल्या वॉर्डात पाणपोई आहे का, कामगारांना दुपारी सावलीत विसावा मिळतो का, हे आपणच विचारायला हवं. आणि दारावर आलेल्या प्रत्येकाला आधी पाणी विचारूया.