माझ्या मापाची सायकल

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या बदलांवर बोलायला सांगितलं होतं. त्यांची परवानगी काढून मी विषय बदलला आहे. मी सायकलबद्दल बोलणार आहे. आपल्या शाळेच्या स्टँडवर ती तीन वर्षं उभी राहत होती, आजही बाहेर उभी आहे.

आठवीत गेल्यावर बाबांनी मला लेडीज सायकल घेऊन दिली. तेव्हा चेन पडली की मुलं स्वतः बसवायची आणि हात पँटला पुसून मोकळी व्हायची. आम्ही मुली मात्र कुणीतरी येईल म्हणून वाट बघत उभ्या. हात काळे होतील, युनिफॉर्म खराब होईल! पुढे मी इंजिनिअर झाले, वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं, पण पाना कधी हातात धरला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी स्कूटरवरून पडले. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालता येऊ लागलं, पण गुडघा शंभर अंशांपलीकडे वाकेना. व्यायाम म्हणून सायकल चालवायला सांगितलं, तर पायडल वर आलं की कळ थेट मस्तकात जायची. एका दुकानात गेले. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही आता इलेक्ट्रिक स्कूटरच बघा." त्याचं काही चुकलं नव्हतं, पण घरी येऊन मी रडले. त्रेचाळिसाव्या वर्षीच आपण निकालात निघालो, असं वाटलं.

मग वही काढली. पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, साधारण १७० मिलिमीटरचा असतो. तो १४० चा केला तर? पायडल खाली असताना पाय पूर्वीइतकाच सरळ राहावा म्हणून सीट ३० मिलिमीटर वर घ्यायची. पायडल वर येतं तेव्हा ते आधीपेक्षा ३० मिलिमीटर खाली राहतं. दोन्ही मिळून गुडघ्याला ६० मिलिमीटर मोकळी जागा! भूमितीच्या तासाला मी इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

शाळेची सायकल आईच्या घरी जिन्याखाली होती. बाबांनी ती भंगारात देऊ दिली नव्हती. फ्रेम पोलादी, शिवाय मधला दांडा खाली उतरता, म्हणजे पाय उंच टाकायला नको. रविवारी जुन्या बाजारात गेले. एका मोडक्या छोट्या सायकलचे १४० मिलिमीटरचे क्रँक मिळाले, सोबत ३६ दात्यांचं पुढचं चाक. माझ्या सायकलचं होतं ४४ दात्यांचं. क्रँक आखूड झाला की जोर जास्त लागतो, पण दाते कमी झाल्याने तो जवळजवळ पूर्ण भरून निघतो. मागे १८ दाते आहेत. पूर्वी पायडलच्या एका फेरीत मी पाच मीटर जायचे, आता चार मीटर जाते. वेग गेला, पण चढ जमतो.

आता फजिती ऐका. डावं पायडल काढायला मी अर्धा तास जोर लावला आणि ते आणखी घट्ट केलं. त्याचे आटे उलटे असतात, चालवताना आपोआप सैल होऊ नये म्हणून. कॉटर पिन गंजलेली होती. दोन दिवस रॉकेल सोडलं, क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार दिला, मग हातोडी. टायर '२६' बघून आणला, तो रिमवर बसेचना. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका म्हणाले, "ताई, पुढचा आकडा वाचा." माझी रिम २६ × १ ३/८ ची, टायर २६ × १.७५ चा. दोन्हींना म्हणायचं २६ इंचीच, पण पहिल्याची रिम ५९० मिलिमीटर आणि दुसऱ्याची ५५९! गणितात १ ३/८ आणि १.३७५ सारखेच. टायरवर मात्र अपूर्णांक आणि दशांश यांची गल्लत चालत नाही. गणिताच्या सरांची मनातल्या मनात माफी मागितली.

शेवटी चेनच्या चार कड्या काढल्या, छर्रे नवे घातले, ग्रीस भरलं. चाकाचा आउट काकांनी काढून दिला, पण पाना माझ्या हातात ठेवून. "शिका, पुन्हा लागेल," म्हणाले. सगळा खर्च तेवीसशे रुपये.

पहिल्या दिवशी सोसायटीत एकच फेरी मारली. पायडल वर आलं, मी डोळे मिटले, आणि कळ आली नाही. बाबा असते तर त्यांना पहिला फोन केला असता.

गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. आता तो वाकणार नाही, असं डॉक्टर सांगतात. पण रोज सकाळी आठ किलोमीटर होतात. इतकी वर्षं मी मिळेल त्या मापात बसायला शिकत होते. खुर्ची असो, कामाच्या वेळा असोत, चप्पल असो, "चालवून घेऊ" म्हणायचे. पहिल्यांदा एक वस्तू माझ्या मापाची झाली, आणि ती मीच केली.

आज आपल्यापैकी कितीजण जिना चढताना कठडा धरत होते, ते मी पाहिलं आहे! जेवणानंतर ज्यांना हवं त्यांनी खुशाल एक फेरी मारावी. फक्त सीटची उंची बदलू नका. आणि चेन पडलीच, तर मला हाक मारा. बसवून देईन.