माळवदाच्या घरात वायरिंग: तुळईला भोक पाडण्याआधी

आपल्या अंबाजोगाईच्या जुन्या गल्ल्यांत अजून माळवदाची घरं आहेत. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. आता तिथे कूलर हवा, इन्व्हर्टर हवा, वाय-फाय पण हवं. वायर न्यायची तर सोपं काय वाटतं? तुळईला खालून खाच मारायची. तेच नेमकं करू नका.

का ते सांगतो. वरच्या वजनाने तुळई किंचित वाकते. तिची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. मधोमध हा ताण सर्वात जास्त. तिथे खाच मारली, की चीर तिथूनच सुरू होते. मातीच्या छताचं वजन किती जीवघेणं असतं, हे १९९३च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्याने बघितलंय. ते वजन पेलणारं लाकूड आपणच कमजोर कशाला करायचं?

म्हणून पहिला पर्याय म्हणजे भोकच नको. पाईप किंवा पट्टी बाजूने न्या. दिसायला थोडं कमी चांगलं, पण तुळई शाबूत.

आरपार जाणं टळतच नसेल, तर इंग्लंडमध्ये वाशांसाठी वापरतात तो नियम कामाचा आहे. भोक उंचीच्या बरोबर मध्यावर घ्यायचं, कारण तिथे ना दाब ना ताण. भोकाचा व्यास उंचीच्या पाव भागापेक्षा जास्त नको. वासा दहा फुटी असेल, तर टेकूपासून अडीच ते चार फुटांच्या पट्ट्यातच भोक पाडायचं. दोन भोकांमध्ये व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवायचं.

हे सगळं निरोगी लाकडासाठी बरं का! आधी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत गेला किंवा भुसा पडला, तर वाळवी समजा. मग ड्रिल बाजूला ठेवा आणि सुताराला बोलवा. मुख्य तुळईला तर त्याला विचारल्याशिवाय हातच लावू नका.

ड्रिल करताना मेन स्विच बंद, टेस्टरने खात्री, डोळ्यांना चष्मा आणि शिडी धरायला एक माणूस. मेन बंद असल्यामुळे बॅटरीवालं ड्रिल बरं पडतं. जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात, म्हणून जोर लावू नका. आणि वायर भोकातून उघडी नेऊ नका, पाईपमधूनच न्या.

घरी काम निघालं असेल, तर हा भाग वायरमन दादांना आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात.