हृदयाच्या रोहिण्यांची परीक्षा : कोणाची, केव्हा आणि कोणती?
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वरवंड येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळाने पुढील वर्षी आरोग्य-शिबिर भरविण्याचे योजिले असून, त्यात पस्तिशी उलटलेल्या प्रत्येक ज्ञातिबांधवाचा ईसीजी विनामूल्य काढावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचनेमागील कळकळ निःसंशय वंदनीय आहे. तथापि त्या एका कागदाने आपणांस अभय मिळते की अभयाचा केवळ भास होतो, याचा विचार निधी खर्ची घालण्यापूर्वी झाला पाहिजे. म्हणून आज मी हाच विषय निवडला आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. हृदय साऱ्या देहाला रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या निराळ्या असतात. त्यांच्या भित्तिकांत वर्षानुवर्षे मेद साचतो आणि मार्ग अरुंद होतो. खडकवासल्याच्या कालव्यावर शेती करणाऱ्या आपल्या तालुक्यास हे फोडून सांगावयास नको. कालव्यात गाळ असला तरी मागणी थोडी असते तोवर कोणाचे अडत नाही. उन्हाळी आवर्तनात सर्वांस एकदम पाणी हवे झाले, म्हणजे शेवटच्या चारीवरचा ऊस वाळू लागतो आणि गाळाची वार्ता कळते. हृदयाचेही तसेच. रोहिणी अर्धीअधिक अरुंद झाली तरी स्वस्थ बसलेल्या मनुष्यास बहुधा काहीच जाणवत नाही.

आता ईसीजीची योग्यता ध्यानी येईल. हृदयातील विद्युत्प्रवाहाचा तो आलेख होय. त्याच्या शोधाबद्दल विलेम आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञास १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत कळ येत असताना काढलेला ईसीजी अमोल असतो. पूर्वी झटका येऊन गेला असल्यास त्याच्या खुणाही त्यात पुष्कळदा सापडतात. परंतु शिबिरात निवांत पडून काढलेला ईसीजी निर्दोष आला, तरी रोहिण्या मोकळ्या आहेत असे त्यावरून म्हणता येत नाही.

म्हणूनच हृदयास श्रम देऊन पाहण्याची युक्ती निघाली. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने रूढ झालेल्या पद्धतीत रुग्णास फिरत्या पट्ट्यावर चालवितात आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढवून आलेख पाहतात. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसमार्गे रोटीचा घाट चढते. सपाटीवर सुखाने चालणाऱ्या वारकऱ्याची छाती त्या चढावर दाटून येत असेल आणि थांबताच मोकळी होत असेल, तर घाटानेच त्याची परीक्षा घेतली असे समजावे व त्याने विनाविलंब वैद्य गाठावा. ट्रेडमिल म्हणजे डॉक्टरांच्या नजरेखालचा रोटीचा घाट होय. मात्र ज्यांस काही त्रास नाही आणि धोकाही थोडा आहे, विशेषतः तरुण स्त्रिया, त्यांच्यात ही परीक्षा पुष्कळदा नसलेला दोष दाखविते आणि घरास व्यर्थ घोर लावते.

पुढील पायरी सीटी अँजिओग्राफीची. शिरेतून द्रव्य सोडून क्ष-किरणांनी रोहिण्यांची चित्रे घेतात. ही निर्दोष आल्यास मोठा अडथळा नाही, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. तथापि किरणांचा व द्रव्याचा विचार करावा लागतो. मूत्रपिंडे दुबळी असणाऱ्यांनी तर विशेष.

अखेरची परीक्षा म्हणजे मनगटातून वा जांघेतून नळी घालून केलेली अँजिओग्राफी. १९२९ साली जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकविली. त्याच्या साहसाचे चीज १९५६ साली नोबेल पारितोषिकाने झाले. १९५८ साली अमेरिकेतील डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून औषधद्रव्य अनपेक्षितपणे हृदयाच्या रोहिणीत गेले. रुग्ण बचावला आणि त्यातून या परीक्षेचा जन्म झाला. अडथळा नेमका कोठे व किती, हे ती सांगते. पण ती शिबिरात वाटण्याची वस्तू नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कालव्याचा गाळ थोडाच असला, तरी एखाद्या रात्री काठ ढासळून पाणी अकस्मात अडू शकते. रोहिणीतील लहानसा मेदाचा थरही असाच फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. यास्तव काल ट्रेडमिल उत्तम आली म्हणून आजच्या कळेकडे दुर्लक्ष करणे सर्वस्वी घातक आहे. अशा वेळी ट्रेडमिल करावयाची नसते. तत्काळ ईसीजी काढावा लागतो व ट्रोपोनिन नावाची रक्तपरीक्षा करावी लागते. ट्रोपोनिन वाढण्यास काही तास लागत असल्याने पहिला निकाल चांगला आला तरी ती पुन्हा करतात.

भगिनींसाठी दोन शब्द. स्त्रियांत व मधुमेही मनुष्यांत छातीची कळ पुष्कळदा ठळक नसते. धाप, मळमळ, घाम, जबडा वा पाठ भरून येणे, अकारण गळून जाणे, एवढ्यावरच वेळ जाते. घरातील माउलीने ‘पित्त झाले असेल’ म्हणून ओवा खाऊन पडून राहावे आणि तिला दवाखान्यात नेण्याचे कोणास सुचू नये, ही आपल्या घरोघरची रीत मोडली पाहिजे.

सारांश, परीक्षा हे उत्तर आहे. प्रश्न आधी नीट विचारला पाहिजे. म्हणून मंडळास माझ्या तीन सूचना आहेत. शिबिरात प्रत्येकाचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल मोजावे, तंबाखू व कुलवृत्तान्त विचारावा, आणि चालताना छाती दाटते काय, हे डॉक्टरांनी समक्ष पुसावे. ज्यांच्या उत्तरांत शंका वाटेल त्यांच्याच पुढील परीक्षांस निधी द्यावा. दुसरे, प्रत्येक गावी एक कार्यकर्ता नेमावा. १०८ क्रमांकास बोलावणे, रुग्णास मोटारसायकलवर बसवून न हिंडविणे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे सिद्ध ठेवणे, एवढे त्याने पाहावे. त्या योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. तिसरे, शिबिराच्या प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरांत छापावे : ‘हा कागद निर्दोष असला तरी छातीत दुखल्यास थांबू नका.’

विवाहात मांडवाची शोभा पाहून आपण सोयरीक करीत नाही, घराण्याची चौकशी करतो. तीच चौकस बुद्धी आपण स्वतःच्या हृदयाविषयी दाखवावी, एवढी माझी विनंती आहे.