चीड यायचीच असेल तर



या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष म्हणून नाव जाहीर झाल्यापासून लोक मला भेटून एकच तक्रार सांगतायत. भाषा बिघडली म्हणतात. पोरांचं 'विषय हार्ड' काही ज्येष्ठांना सहन होत नाही, 'जाळ अन् धूर संगटच' ऐकलं की त्यांच्या कपाळावर आठी पडते. काही पालकांचं दुखणं निराळं आहे. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि तिथंही 'करायलंय-जायलंय' बोलतो, याची त्यांना लाज वाटते. अध्यक्षीय भाषणातून या तक्रारीला बळ मिळावं, अशी अपेक्षा मला बोलून दाखवली गेली. मी ते बळ देणार नाही. मी इथं या तक्रारीच्या विरोधात उभा आहे.

'अशुद्ध' कशाला म्हणता, तेवढं आधी सांगा. आपल्याकडचा माणूस 'मी जायलोय' म्हणतो, 'तू जायलास' म्हणतो, 'ती जायलीय', 'ते जायलेत' म्हणतो. पुरुष, लिंग, वचन सगळं जिथल्या तिथं. शाळेचं तोंड न पाहिलेलं पाच वर्षांचं लेकरू यात चुकत नाही. ज्या बोलण्यात लेकरूसुद्धा चुकत नाही, त्या बोलण्याला व्याकरण आहे. ते तुमच्या पाठ्यपुस्तकात छापलेलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडं 'मपलं-तुपलं' चालतं. परळी-अंबाजोगाईकडं लातूरचा हेल आत येतो. गेवराई-माजलगावकडं गोदाकाठचे शब्द ऐकू येतात. एका बीड जिल्ह्यात एवढी मराठी नांदते, याचा अभिमान वाटायला हवा. आपण मात्र ती कुठं लपवायची याच विचारात असतो.

प्रमाण मराठी कुठून आली, हेही आज बोलू. इंग्रजांच्या अमदानीत शाळाखातं, छापखाने, वर्तमानपत्रं पुण्या-मुंबईत उभी राहिली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. तेव्हा आपण निजामाच्या मुलखात होतो. पुढं साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम ठरले ते १९६२ साली. हे नियम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. छापायला, कोर्टकचेरीला, कारभाराला एक ठरीव भाषा लागतेच. पण ज्या शहरांत छापखाने होते त्यांची बोली प्रमाण झाली आणि ज्यांच्याकडं नव्हते त्यांची गावंढळ ठरली, हा इतिहास आहे. याचा शुद्धतेशी काडीचाही संबंध नाही.

त्याच काळात आपल्याकडं काय चाललं होतं? हैदराबाद संस्थानात दरबार आणि कचेरी आधी फारसीत, मग उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त होईपर्यंत मराठी माणसाला अर्जसुद्धा दुसऱ्याच्या भाषेत लिहून घ्यावा लागत होता. त्या सगळ्या वर्षांत या मुलखात मराठी कुणी जगवली? मराठवाडा साहित्य परिषद १९४३ साली त्याच राजवटीत उभी राहिली, तिचं ऋण मी मानतो. पण त्याच्याही आधी आणि त्याहून खोलवर ती जगवली जात्यावर बसलेल्या बाईनं, भारुड म्हणणाऱ्यानं, मोंढ्यात भाव करणाऱ्या कुणब्यानं. ती माणसं 'नगं', 'लई', 'उलीसं', 'कव्हा' असंच बोलत होती. त्यांच्या बोलण्यात 'बेजार' होतं, 'खुशाल' होतं, 'मामला' होता, आणि ते शब्द आपले झालेत. सरकारनं पाठ फिरवली तेव्हा ज्या तोंडानं मराठी सांभाळली, त्याच तोंडाला आज आपण 'नीट बोल' म्हणतो. मला हे सहन होत नाही.

आणि हे अंबाजोगाईच्या पंचक्रोशीत व्हावं! मुकुंदराजांना आपण आद्यकवी म्हणतो, शके १११० चा 'विवेकसिंधु' अभिमानानं सांगतो, त्यांच्या समाधीची वाट पाहुण्यांना दाखवतो. दासोपंतांनी भल्याथोरल्या कापडावर लिहिलेली पासोडी दाखवतो. या लोकांनी त्या काळच्या शुद्धतेकडं पाठ फिरवून लोकांच्या भाषेत लिहिलं. महानुभावांची परंपरा सांगते की केशोबासांना संस्कृतात लिहायचं होतं आणि नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. तो दर्जा अशाच जुन्या ग्रंथांच्या आधारानं मिळाला. पेढे वाटणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी वर्गात लेकराच्या 'मपलं'वर लाल रेघ ओढली असेल, तर त्यानं ते पेढे कशाचे वाटले?

१९८३ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन याच अंबाजोगाईत झालं. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. माणदेशाच्या बोलीला साहित्यात मान मिळवून देणारा माणूस आपल्या गावात अध्यक्ष म्हणून आला आणि आपण टाळ्या वाजवल्या. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ ची. मराठवाड्याच्या बाईच्या तोंडची ती भाषा विद्यापीठांनी अभ्यासाला लावली. २०१६ साली 'सैराट' आला आणि करमाळ्याकडचं बोलणं अख्खा महाराष्ट्र बोलू लागला. पुस्तकात आली की या भाषेला 'मातीचा गंध' असतो, पडद्यावर आली की ती 'अस्सल' असते, आणि पहिलीच्या वर्गात लेकराच्या तोंडी आली की ती 'चूक' होते. यातलं एक काहीतरी खोटं आहे. मालिकांकडं बघा. डॉक्टर आणि वकील पुणेरी बोलतात. आपला हेल येतो तो गड्याच्या, हवालदाराच्या, गावगुंडाच्या वाट्याला. आपणच ते बघून हसतो. आपलेच काही कथाकथनकार ही बोली फक्त हशा काढायला वापरतात. त्यांना मी या व्यासपीठावरून विचारतो: तुमच्या आईनं या भाषेत कधी दुःख सांगितलंच नाही का?

सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षा देणारी आपली हजारो पोरं आहेत. खोलीत तिघं-चौघं, खानावळीचा डबा, अभ्यासिकेची फी. तोंड उघडलं की समोरचा विचारतो, 'मराठवाड्याचा का?' मग पोरगं बोलायचंच कमी करतं. मुलाखतीत उत्तर माहीत असून अडखळतं, कारण त्याचं अर्धं लक्ष 'करायलोय'चं 'करतोय' करण्यात गुंतलेलं असतं. त्याच्या मनात ही भीती पुण्यानं घातली असं म्हणून हात झटकू नका. ती घातली इथल्या शाळेनं, इथल्या घरानं. पाहुण्यांसमोर लेकराला चिमटा काढून 'नीट बोल' म्हणणारे आपणच.

प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही, नीट ऐका. शिकवा, खणखणीत शिकवा. ऊसतोड मजुराच्या पोरीला अर्ज, निबंध, निकालपत्र लिहिता आलंच पाहिजे. पण घरची बोली पुसून ती शिकवता येत नाही. दसरा-दिवाळीला आईबाप कारखान्यावर गेले की हंगामी वसतिगृहात राहणारं लेकरू, तांड्यावरून गोरमाटी बोलत आलेलं लेकरू, घरात दखनी बोलणारं लेकरू, यांच्या पहिल्या उत्तरालाच 'चूक' म्हटलं, तर दुसरं उत्तर येत नाही. ते लेकरू गप्प बसतं आणि आपण अहवालात लिहितो, प्रगती नाही. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याची भलामण करतं. त्याची प्रत प्रत्येक शाळेच्या कपाटात असेल. कपाट उघडा.

आता ज्येष्ठांना उत्तर देतो. तुम्हाला शब्दांची चीड येते ना? मलाही येते, फार येते. पण ती 'विषय हार्ड'ची येत नाही. पोरांचे शब्द चार वर्षं टिकतात आणि जातात, तुमच्या तरुणपणाचेही गेले. मला चीड येते ती आपण सगळे शांतपणे बोलतो त्या शब्दांची.

'कोयता' हा शब्द घ्या. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. 'औंदा किती कोयते नेले?' असं आपण विचारतो. दोन जिवंत माणसांना हत्याराच्या नावानं मोजतो आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. 'खाडा' घ्या. आजारी बाई एक दिवस फडात गेली नाही की खाडा पडतो आणि आगाऊ घेतलेल्या उचलीतून पैसे कापले जातात. 'पिशवी काढली' घ्या. चहा घेता घेता हे आपण ऐकतो. २०१९ मध्ये सरकारी समितीनं या जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींमागं एक. खाडा पडू नये म्हणून, पाळीचा त्रास कामाला आडवा येऊ नये म्हणून, भीती घालून. आपल्या भाषेनं या सगळ्याला 'पिशवी' म्हणून गुंडाळून टाकलं. भाषा बिघडते ती इथं.

सभांमधून पुढारी गर्जतात, 'हातात बांगड्या भरल्यात का?' बांगड्या भरलेल्या हातांनीच या जिल्ह्याची बाई पहाटे चारला फडात उतरते, ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या बांगडीला भेकडपणाची खूण करणाऱ्या पुढाऱ्याला त्याच सभेत कुणी तरी उठून अडवलं पाहिजे. आपण टाळ्या वाजवतो.

आणि 'कार्यक्रम'. 'त्याचा कार्यक्रम केला', 'मॅटर केलं', 'गेम वाजवला'. हे शब्द आपल्या चौकात, आपल्या बॅनरवर, आपल्या पोरांच्या मोबाईलमधल्या रीलमध्ये कौतुकानं फिरत होते. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांना उचलून नेऊन मारलं गेलं. त्यानंतर सगळा महाराष्ट्र 'बीडचा बिहार झाला' म्हणू लागला आणि आपण बदनामी झाली म्हणून रागावलो. बिहारच्या कष्टकऱ्यालाही असं शिवीसारखं वापरू नये, हे मी इथं स्पष्ट सांगतो. पण मारहाणीला 'कार्यक्रम' म्हणणं आपण किती वर्षं हसून ऐकलं? त्या वेळी भाषाशुद्धीवाले कुठं होते? ऱ्हस्व-दीर्घावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी या शब्दावर एक ओळ लिहिली का? दहशतीला घरगुती नाव मिळालं की ती अर्धी मान्य होते, आणि ते नाव देण्यात मपली भाषा वापरली गेली, याचा मला संताप आहे.

म्हणून या संमेलनात मी तीन ठराव मांडतो. एक, जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीच्या लेकराचं बोलीतलं तोंडी उत्तर बरोबर धरावं आणि प्रमाण रूप त्याच्या शेजारी शिकवावं, ते पुसून नव्हे. दोन, ऊसतोडणीच्या, तांड्याच्या, दखनी बोलणाऱ्या वस्त्यांच्या बोलीचा कोश या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मिळून करावा, आणि शब्द गोळा करायला त्या वस्त्यांतली शिकलेली पोरं-पोरी मानधन देऊन घ्याव्यात. तीन, 'कोयता' हे माणसाचं माप म्हणून कारखान्याच्या करारपत्रात, सरकारी कागदात आणि आपल्या वर्तमानपत्रांत छापणं बंद व्हावं. तिथं माणूस लिहावा, बाई आणि पुरुष वेगळे लिहावेत, दोघांची मजुरी वेगळी लिहावी.

तिसऱ्या ठरावाला विरोध होईल हे मला माहीत आहे. विरोध करणारे काही जण पहिल्या दोन रांगांत बसले आहेत. दुपारच्या खुल्या अधिवेशनात त्यांनी यावं, माईक घ्यावा आणि बाईची मजुरी वेगळी का लिहायची नाही ते सांगावं. ठरावावर मतदान होईपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही.