स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर घरची शुश्रूषा
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या विषयाचें नांव उच्चारतांना मला स्वतःलाच संकोच वाटतो, हें आरंभींच कबूल करतों. वस्तुतः तो वाटूं नये. तिसऱ्या शतकांत सिसिली बेटांतील कातानिया येथें रक्तसाक्षी झालेल्या संत आगाथेस, ह्या व्याधीनें पीडलेल्या स्त्रिया शेंकडों वर्षें आपली आश्रयदात्री मानीत आल्या आहेत. ५ फेब्रुवारीस तिचा सण आम्ही पाळतों. परंतु तिच्या छळाची हकीकत सांगतांना तो एक शब्द आम्ही धर्मगुरु गिळून टाकतों. ह्याच संकोचापायीं कित्येक बायका गांठ महिनोन् महिने लपवून ठेवितात, आणि शस्त्रक्रिया होऊन घरीं आल्यावर जखमही लपवितात.

माझ्या वडील बहिणीची गोष्ट सांगतों. तिची अनुज्ञा मीं घेतली आहे. कर्करोगामुळें तिचा उजवा स्तन व काखेंतील गांठी मुंबईस काढाव्या लागल्या. ती घरीं आली तेव्हां मी मोठ्या शहाणपणानें म्हणालों, "ताई, हा हात आतां मुळींच हालवूं नकोस." तिनें तो पदरानें छातीशीं बांधून ठेविला. सुना हातीं पाणी देत, केसही विंचरून देत. तीन आठवड्यांनीं मी आशीर्वाद देऊं लागलों, तेव्हां तिनें क्रुसाची खूण डाव्या हातानें केली आणि मान खालीं घातली. उजवा हात कपाळापर्यंत पोंचेना.

त्याच आठवड्यांत शुश्रूषेचें शिक्षण घेतलेल्या एक सिस्टर तिला पाहावयास आल्या. त्यांनीं विचारलें, "हा हात बांधावयास कोणीं सांगितलें?"

"मीं," मी म्हणालों.

"फादर, आपण प्रार्थना करावी. हाताचें आम्ही पाहूं."

बोलणें लागलें, पण खरें होतें. त्या दिवशीं त्यांच्यापाशीं बसून जें शिकलों तेंच आज आपणांस सांगतों.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच, डॉक्टरांची अनुज्ञा असल्यास, मूठ उघडावी व मिटावी, कोपर वांकवावें, खांदे हळूहळू फिरवावे. जखमेंत नळी आहे तोंवर हात खांद्याच्या वर नेऊं नये. नळी निघाली म्हणजे भिंतीसमोर उभें राहून बोटांनीं मुंगीसारखें वर चढावें. ओढ बसेल तेथें थांबावें, फार दुखेल इतकें ताणूं नये. केस तिचे तिनेंच विंचरावे. पूर्वी अमेरिकेंतील डॉ. हॅल्स्टेड ह्यांनीं १८९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनें छातीचे स्नायूही कापून काढीत. आतां बहुधा ते राखतात, कित्येकींचा तर स्तनही राखतात. त्यामुळें हात पूर्ववत् होण्याची आशा पुष्कळ असते, मात्र तो जखडूं देतां कामा नये.

नळीला बाटली असते. ती रिकामी करण्यापूर्वी व नंतर साबणानें हात धुवावे. रोज ठराविक वेळीं आंतील पाणी मोजून वहींत मांडावें. बाटली जखमेच्या खालच्या पातळीवर असावी. चोवीस तासांतील पाणी साधारणतः ३० मिलिलिटरच्या खालीं आलें म्हणजे नळी काढतात. तो निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. पाणी एकाएकीं लालभडक आलें, त्यास दुर्गंधी आली किंवा ताप भरला, तर उद्यांची वाट पाहूं नये.

काखेंतील गांठी ह्या शरीरांतल्या लसिका नांवाच्या रसाच्या गाळण्या होत. त्या काढल्यामुळें हात सुजूं शकतो, आणि ती सूज कित्येकदां वर्षांनींही येते. बांगडी घट्ट होणें, हात जड वाटणें ही तिची पहिली खूण. म्हणून त्या हाताला विळीनें कापलें किंवा चुलीचा चटका बसला, तरी क्षुल्लक मानूं नये. लाली व ऊब दिसतांच डॉक्टरांकडे जावें. तेल लावून जोरानें चोळूं नये. आणखी एक गोष्ट आमच्या घरांत कोणासच ठाऊक नव्हती. दंडाच्या आंतल्या बाजूस पुष्कळदां बधिरपणा राहतो. तेथें गरम पाण्याची पिशवी ठेविली तर कातडी भाजते आणि रोग्यास तें कळतही नाहीं.

एका घरीं मीं रोग्यासाठीं वेगळा पेला व वेगळी ताटली ठेविलेली पाहिली. हा रोग स्पर्शानें किंवा उष्ट्यानें लागत नाहीं. तो पेला मीं त्यांच्यासमोर चहा घेण्यास मागून घेतला. ह्याहून मोठें प्रवचन मला सुचलें नाहीं.

जखम प्रथम पाहण्याचा प्रसंग कठीण असतो. तिला बळजबरी करूं नये, आणि एकटीही सोडूं नये. न्यूयॉर्क येथील तेरेस लॅसर ह्या बाईंनीं स्वतःची शस्त्रक्रिया झाल्यावर, १९५२ पासून, अशाच इतर स्त्रियांच्या खाटेशीं जाऊन बसण्याचा क्रम आरंभिला. त्यांना व्यायाम दाखवावा, पोलक्यांत काय घालावें तें सांगावें, असें तें काम. जखम भरेपर्यंत मऊ कापसाची गादी, पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यानें वजनदार कृत्रिम स्तन, हें बाईनें बाईस सांगितलेलेंच बरें. आपल्या धर्मग्रामांत अशा भोगून उठलेल्या तिघी-चौघी आहेत. त्यांचीं नांवें मी येथें घेत नाहीं. त्या आपण होऊन पुढें येतील अशी आशा आहे.

ताईचा हात आतां कपाळापर्यंत येतो. फळीवरच्या डब्यापर्यंत अजून पोंचत नाहीं. तीन आठवडे मीं वायां घालविले त्याचें तें फळ असावें, असें मला वाटतें.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिसेनंतर सिस्टर शाळेच्या खोलींत नळीची व व्यायामाची माहिती प्रत्यक्ष दाखविणार आहेत. ज्यांच्या घरीं असा रोगी आहे त्यांनीं अवश्य यावें, आणि नवऱ्यांनींही यावें. पाण्याचे हंडे तिला उचलतां येणार नाहींत. ते कोणी उचलावयाचे, हें त्यांनींच ठरवावयाचें आहे.