खोडलेला आकडाही दिसायला हवा



मी सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम करते. नोकरी सांभाळून फावल्या वेळात, कुणी सांगितलेलं नसताना काहीतरी करून बघायचं, ही आमच्या क्षेत्रातली जुनी सवय. त्यातून मोठी कामंही उभी राहिली आहेत. आज जगभर वापरली जाणारी पायथन ही संगणकाची भाषा गिडो व्हान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत छंद म्हणून लिहायला घेतली. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली, तीही हौसेपोटीच.

माझी हौस त्या मानाने लहान होती. आईच्या बचत गटात बारा जणी आहेत. दरमहा दोनशे रुपये बचत, आपसात कर्ज, त्यावर व्याज, असा सगळा हिशेब सचिव काकू वहीत लिहितात. मला वाटलं, यांच्यासाठी एक अ‍ॅप करूया. चार-पाच रविवार बसून केलं. आकडा टाकला की बेरीज आपोआप, व्याजही आपोआप. सगळ्या खूश झाल्या. दोन-तीन महिन्यांत वही मागे पडली.

मग एका बैठकीत वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "मी हजाराचा हप्ता भरलाय." अ‍ॅपमध्ये दिसत होते शंभर. कुणाच्या तरी हातून एक शून्य गेलं होतं. पण कुणाच्या आणि कधी, ते सांगता येईना. कारण माझ्या अ‍ॅपमध्ये नवा आकडा लिहिला की जुना कायमचा पुसला जायचा. मावशींचं पासबुक लेकीकडे राहिलं होतं, ते यायला आठ दिवस लागले. त्यात हजाराची नोंद होती, सहीसकट. वाद मिटला. पण ते आठ दिवस मावशी कुणाच्या दारात गेल्या नाहीत. नऊशे रुपयांसाठी आपल्याकडे संशयाने बघतात, हे त्यांना फार लागलं.

मी गावी गेले तेव्हा सचिव काकूंनी जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "हे बघ, आम्ही आकडा खोडरबराने पुसत नाही. त्यावर एक आडवी रेघ मारतो, वर बरोबर आकडा लिहितो आणि शेजारी सही करतो. चूक झाली हेही दिसलं पाहिजे ना?"

मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. कारण आमच्या कामात 'गिट' नावाचं साधन असतं. तेही टोरव्हाल्ड्स यांनीच २००५ मध्ये तयार केलं. कोणती ओळ कुणी, कधी बदलली, याची नोंद त्यात राहते. चूक सुधारता येते आणि आधी काय होतं तेही सापडतं. स्वतःच्या कामासाठी मी ते रोज वापरते. बायकांच्या पैशांच्या हिशेबाला मात्र मी ती काळजी घेतली नव्हती.

आता अ‍ॅपमध्ये नोंद पुसता येत नाही. दुरुस्ती वेगळी लिहावी लागते, नाव आणि तारखेसह. दर महिन्याला सगळा हिशेब एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये बाहेर काढून दोघींच्या फोनमध्ये ठेवतात. आणि वही पुन्हा सुरू झाली आहे. काकू वहीत लिहितात, मग फोनमध्ये. बेरीज जुळली की बैठक संपते.

तुम्ही घरखर्चासाठी, गटासाठी किंवा दुकानासाठी एखादं अ‍ॅप घ्याल, तेव्हा तीन गोष्टी आधी बघा. चुकीचा आकडा बदलला, तर जुना दिसतो का? फोन हरवला, तर हिशेब परत मिळेल का? आणि उद्या ते अ‍ॅप बंद पडलं, तर आपली माहिती बाहेर काढून घेता येईल का? अ‍ॅप देणाऱ्याला हे विचारायला संकोच करू नका. संगणकातलं काही कळत नाही म्हणून गप्प बसू नका. हिशेब कसा ठेवायचा हे तुम्हाला कळतं, आणि अ‍ॅप लिहिणाऱ्याला ते तुमच्याकडूनच शिकावं लागतं. मला काकूंनी शिकवलं, तसंच.